उंबराखालची माती

मागच्या वर्षी आषाढात, कोल्हापुरात त्र्यंबोली देवीला नवं पाणी वाहायच्या आठवड्यातच, आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या पोरांनी कोपऱ्यावरचा प्लॉट साफ केला. वाडा पाडल्यापासून तिथं गाजरगवत माजलं होतं, कमरेएवढं. लांबून बघितलं तर कुणीतरी साबुदाणा उधळावा तशी बारीक पांढरी फुलं, आणि जवळ गेलं की नाकात बसणारा तो कडवट हिरवा वास. सकाळी सातला पोरं आली. दोघा-तिघांकडं हातमोजे होते, बाकीच्यांनी दुधाच्या रिकाम्या पिशव्या हातात चढवल्या होत्या. रात्री पाऊस झालेला, त्यामुळं झाडं मुळासकट सुटत होती. दहापर्यंत कोपऱ्यात छातीएवढा ढीग लागला. मग जेसीबी आला, वरची वीतभर माती खरवडून निघाली, मुरमाचे दोन डंपर पसरले, रोलर फिरला. दुपारी एकच्या सुमाराला जागा अशी लालसर, सपाट, नीटनेटकी दिसत होती की मी चहाची किटली घेऊन गेले ती तिथंच उभी राहिले. मनापासून बरं वाटलं होतं. समोरच्या आज्जी मात्र सकाळपासून पायरीवर बसून बघत होत्या. चहाचा कप हातात घेऊन त्यांनी एका पोराला विचारलं, "उपटालाय खरं, पण मागनं तिथं काय ठेवणार हाय?"

"काय न्हाई आज्जी. मोकळी जागा."

"मोकळी कशी राहील?"

पोरगं हसलं आणि पुढं गेलं. मीही हसले. पण बाविसाव्या दिवशी मुरमातून पहिली रोपं वर आली आणि आज्जींचं ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं. आधी जमिनीलगत पसरलेली, गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली पानं. मग मधोमध दांडा. गौरी-गणपतीपर्यंत पुन्हा साबुदाणा. पूर्वीपेक्षा दाट. एरवी त्या जागेत गाजरगवताच्या जोडीला थोडा केना, थोडा माठ, कडेला हराळी असायची. या वेळी दुसरं जवळजवळ काहीच नव्हतं. एका नीट वाढलेल्या झाडाला 10 ते 25 हजार बिया धरतात, आणि आम्ही ती झाडं फुलावर आल्यावर उपटून, त्याच जागेत ढीग घालून, चार दिवस वाळू दिली होती.

माझं आणि या गवताचं वैर जुनं आहे, हे सांगायलाच हवं. माझे वडील, आबा, भोगावतीकाठचे शेतकरी. आमच्याकडं याला काँग्रेस म्हणायचे. पुण्यात 1955 साली हे पहिल्यांदा नजरेला आलं आणि पुढच्या काही वर्षांत रस्त्यानं, रेल्वेनं, पाण्यानं सगळीकडं गेलं. अमेरिकेच्या गव्हातून आलं असं आबांच्या पिढीतलं प्रत्येक माणूस सांगायचं. आबांना त्याची बाधा झाली ती चाळिशीत. आधी मानेवर खाज, मग पापण्या, मग कोपराची घडी. काही वर्षांत मानेची कातडी काळी आणि जाड झाली, हात फिरवला तर जुन्या चामड्यावरून फिरवल्यासारखं लागायचं. ऊन अंगावर घेता यायचं नाही. आई कडुलिंबाचा पाला उकळून ठेवायची, आबा त्यात पंचा बुडवून मानेभोवती गुंडाळून सोप्यात पडून राहायचे. डॉक्टरांनी सांगितलं, रानात जाऊ नका. "मग जायचं कुठं?" असं आबा त्यांनाच विचारून आले. त्यामुळं गाजरगवताबद्दल मी समतोल बोलू शकेन असं मला कधी वाटलं नाही. आजही ते दिसलं की मला आधी आबांची मान दिसते.

आबांनीच मला एकदा बांधावर त्याचा शत्रू दाखवला होता. हरभऱ्याच्या डाळीएवढा भुंगेरा, पाठ पांढुरकी आणि तिच्यावर काळसर नागमोडी रेघा. 1983 साली हे भुंगेरे मेक्सिकोतून बेंगळुरूला आणले आणि तिथून ते देशभर सोडले गेले. पावसात गाजरगवताची पानं खाऊन चाळण करतात आणि पाऊस सरला की मातीत शिरून दडी मारतात, ते पुढच्या पावसालाच वर येतात. आबा पान उलटं करून धरायचे आणि म्हणायचे, "खा बाबा खा." प्लॉटवर जेसीबी फिरला त्या रात्री मला हे आठवलं. खरवडून नेलेल्या त्या वीतभर मातीत आणखी काय काय दडी मारून बसलं असेल, हा विचार तिथून सुरू झाला.

वाड्याची जागा मला चांगली माहीत होती. मी लग्न होऊन शुक्रवार पेठेत आले तेव्हा वाडा उभा होता. मागच्या परसात विहीर, पारिजातक, दोन-तीन सोनचाफे आणि एका कोपऱ्यात उंबर. उंबराच्या बुंध्याशी दत्ताच्या पादुका. श्रावण निम्मा झाला की त्या परसात आपोआप तेरडा उठायचा, गुलाबी आणि पांढरा. आमच्या गल्लीतल्या बायका गौरीचे डहाळे घाटावर पुजून आणायच्या, पण तेरडा न्यायचा तो या परसातला. वाडा 2019 च्या पुरात खचला. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याजवळ 39 फूट गाठले की इशारा आणि 43 फुटांना धोका, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. ओसरल्यावर परसात घोटाभर गाळ होता. आज्जी म्हणाल्या, मळी आहे, सोनं आहे. खरंच होतं ते. पण त्या सोन्यात कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती अशा सगळ्या नद्यांच्या काठांवरचं बी मिसळलेलं होतं. गाजरगवताचं बी पाण्यावर तरंगत येतं. वाडा पाडून झाल्यावर तुळया गेल्या, दगड गेले, पारिजातकही गेला. उंबराला हात लावायला कोणी तयार झालं नाही. पादुकांमुळं त्याच्याभोवतीची दहा-बारा फुटांची गोल जागा जेसीबीनंही सोडली.

आणि त्या गोलात गाजरगवत जवळजवळ नव्हतं. हे मला त्या भाद्रपदात पहिल्यांदा दिसलं. गोलाच्या आत हराळी, थोडा आघाडा, उंबराची स्वतःची दोन-चार रोपं. गोलाच्या बाहेर, एका पावलावर, नुसतं गाजरगवत. सावली हे एक कारण उघड होतं. पण दक्षिणेच्या बाजूला दिवसभर ऊन येतं आणि तिथंही रेघ तेवढीच ठळक होती.

शेजारची मुलगी तेव्हा विद्यापीठात वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करत होती. तिला मी ती रेघ दाखवली. ती उकिडवी बसली, दोन्हीकडची माती बोटांत चुरून बघितली. उंबराखालची माती काळी, भुसभुशीत, चुरल्यावर बारीक रव्यासारखे दाणे पडणारी. मुरमाखालची माती खपली निघावी तशी पापुद्र्यानं निघाली. "काकू, मुळं घेऊन येऊ का थोडी?" असं म्हणून तिनं खुरपं मागितलं. तीन पिशव्या भरल्या: गोलातली हराळी, बाहेरचं गाजरगवत, आणि कडेला एकटाच उरलेला माठ. बारीक, केसासारखी मुळं हवीत, जाडी नकोत, असं बजावून तिनं माझ्याकडूनही खणून घेतलं.

आठवड्यानं तिच्या सरांची परवानगी घेऊन तिनं मला प्रयोगशाळेत नेलं. मुळं आधी 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करत ठेवतात, म्हणजे आतला रंग आणि गर निघून जातो आणि मूळ काचेसारखं आरपार होतं. मग आम्लाचं पाणी, मग ट्रिपॅन ब्लू नावाचा निळा रंग. रंग मुळाला फारसा धरत नाही, मुळात राहणाऱ्या बुरशीला धरतो. तिनं हराळीचं पाऊण इंचाचं मूळ काचपट्टीवर ठेवून वर काच दाबली आणि मला डोळा लावायला सांगितलं. आधी नुसती निळी धुसर गर्दी दिसली. मग तिनं चाक हळू फिरवलं आणि एकाएकी मुळाच्या पेशी विटांच्या रांगांसारख्या स्पष्ट झाल्या. त्या विटांच्या मधल्या फटींतून निळे धागे धावत होते. आणि कित्येक विटांच्या आत एकेक झाड होतं. खरोखरचं झाड दिसावं तसं: खाली खोड, वर फांद्या, फांद्यांना आणखी बारीक फांद्या, पेशी भरून टाकणारं. मी डोळा काढला, पुन्हा लावला. काचेखालच्या गवताच्या एका केसाएवढ्या मुळात निळ्या झाडांचं अख्खं रान होतं.

"त्याला आर्बस्क्यूल म्हणतात. लॅटिनमध्ये छोटं झाड," ती म्हणाली. "इथंच देवघेव होते. बुरशी बाहेरून फॉस्फरस आणते, झाड साखर देतं. एकेक आर्बस्क्यूल थोडेच दिवस टिकतं, मग विरतं, दुसरं होतं." मुळाबाहेर पडणारे धागे मुळावरच्या लवेपेक्षाही बारीक असतात, त्यामुळं मूळ शिरू शकत नाही अशा मातीच्या फटीत ते शिरतात. जमिनीवरच्या बहुतेक झाडांचा हाच व्यवहार आहे, आणि तो झाडांना धड मुळं फुटली त्याच्याही आधीपासूनचा. स्कॉटलंडमध्ये 40 कोटी वर्षांपूर्वीच्या दगडात अशीच निळी न केलेली झाडं सापडली आहेत. फ्रांक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं 1885 साली त्याला मायकोरायझा हे नाव दिलं, बुरशी-मूळ. आमचा भाऊ उसाला मायकोरायझाची पाकिटं आणतो, त्यामुळं शब्द माझ्या कानावर होता. डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होते.

नंतर तिनं माठाचं मूळ ठेवलं. विटा स्वच्छ, रिकाम्या. माठ, राजगिरा, चाकवत, मोहरी ही मंडळी सहसा बुरशीला आत घेतच नाहीत, आपापली स्वतंत्र राहतात. म्हणूनच उकरलेल्या, उसवलेल्या जागी ती आधी येतात, त्यांचं कोणावाचून अडत नाही. मग गाजरगवताची पट्टी. मला खात्री होती की इथं काहीच नसणार, असलंच तर काहीतरी मेलेलं असणार. आबांच्या मानेवरून मी ते आधीच ठरवून आले होते.

"काकू, ह्याच्यात पण आहे."

होतं. हराळीएवढं दाट नव्हतं, पण होतं. त्याच विटा, तेच धागे, तीच फांद्या फुटलेली झाडं. मी बराच वेळ काचेवरून हललेच नाही. मनात एक राग होता, तो कोणावर धरायचा ते समजेना. या मातीतली, इथली, आमच्या तेरड्याला जगवणारी बुरशी त्या गवतालाही जगवत होती. जो साखर देईल त्याच्या मुळात ती शिरते. तिला आबांची मान माहीत नाही.

परत येताना केएमटीच्या बसमध्ये तिनं जे सांगितलं ते मी घरी येऊन लिहून ठेवलं. परक्या तणांचा बुरशीशी एकच एक व्यवहार नसतो. युरोपातून उत्तर अमेरिकेत गेलेली लसूणमोहरी नावाची एक वनस्पती आहे. ती मोहरीच्या कुळातली, स्वतः बुरशी घेत नाही, आणि तिच्यातून झिरपणारी रसायनं तिथल्या जंगलातली ही बुरशीच मारून टाकतात, मग त्या बुरशीवर जगणारी झाडांची रोपं खुरटतात. आपल्या सह्याद्रीत माजलेली रानमोडी उलटंच करते. ती आपल्या मुळांभोवती फ्युजेरियम नावाची रोग पाडणारी बुरशी गोळा करते, तिला स्वतःला त्याचं फार काही होत नाही, शेजाऱ्यांची रोपं मात्र बसतात. पाइनची झाडं दक्षिणेकडच्या देशांत लावली तेव्हा आधी जगेनात, त्यांची बुरशी मातीबरोबर नेल्यावर ती जगली, आणि पुढं दक्षिण आफ्रिकेत आणि न्यूझीलंडमध्ये तीच रानोमाळ पसरून डोकेदुखी झाली. आणि गाजरगवत? ते पानांतून, मुळांतून पार्थेनिन नावाचं कडू विष सोडून शेजारच्या बिया उगवू देत नाही, हे खरं. "पण काकू, त्या प्लॉटवर त्याला विष सोडायची गरजच काय पडली? शेजारी होतं कोण?" असं ती म्हणाली तेव्हा बस बिंदू चौकात थांबली होती आणि मला आज्जींची पायरी आठवली.

कारण बुरशीचं जाळं एकसंध असतं तोवरच त्याचा उपयोग. जेसीबीच्या एका फटक्यात ते तुटतं. वरच्या वीतभर थरातच ते सगळ्यात दाट असतं आणि नेमका तोच थर आम्ही डंपरमध्ये भरून पाठवला. वर मुरूम घालून रोलर फिरवला, म्हणजे हवा गेली, फटी गेल्या. जिवंत मूळच नाही म्हणजे साखर नाही, साखर नाही म्हणजे बुरशी उपाशी. हराळी, तेरडा यांच्यासाठी माती जड झाली, आणि वर सांडलेलं बी आमच्याच हाताचं. गाजरगवत आलं नसतं तरच नवल. शहरात आता प्रत्येक बांधकामाला, प्रत्येक पाइपलाइनला, प्रत्येक रस्त्याच्या कडेला हेच होतं. माती खरवडायची, खरमाती लोटायची, वर पेव्हिंग ब्लॉक. मग फटीतून जे येतं त्याला आपण तण म्हणतो.

भावाशी यावर माझं जरा वाजलं. तो म्हणाला, एवढं काय, चार पाकिटं मायकोरायझाची टाक, आठवड्यात होतं काम. त्याच्या उसात तो ते टाकतो आणि त्याच सरीत डीएपी हे फॉस्फरसचं खतही भरपूर टाकतो. फॉस्फरस उशाशीच मिळाला तर झाड बुरशीला साखर कशाला घालेल? ते आपोआप हात आखडतं. हे मी त्याला सांगितलं, तो गप्प झाला, पण डीएपी काही कमी झालं नाही. उसाचा दर, सोसायटीचं कर्ज, दोन मुलींची शिक्षणं हे सगळं त्या पोत्यात असतं, त्यामुळं मीही पुढं बोलले नाही. पाकीट मात्र घेतलं नाही. उंबराखाली इथलीच माती होती.

यंदा मृगाच्या आधी मी मंडळात जाऊन बोलले. पोरं ऐकतील असं वाटलं नव्हतं, पण ज्या पोराला आज्जींनी विचारलं होतं तोच सगळ्यांत आधी तयार झाला. वळीव पडून जमीन ओली झाली तसा टिकावानं मुरूम फोडला. पूर्ण काढला नाही, तो काढायलाही पुन्हा जेसीबीच लागला असता. हातभर रुंद चर खणले, त्यात कुजलेला पाला आणि शेणखत भरलं. उंबराच्या कडेची माती खुरप्यानं वरवर सैल करून, बारीक मुळांसकट, दोन घमेली घेतली. आज्जींनी आधी पादुकांवर पाणी घातलं, मगच घेऊ दिली. प्रत्येक चरात ती मूठ-मूठ टाकली आणि वर टाकळ्याचं बी फेकलं. गाजरगवताच्या जागी टाकळा पेरावा हे शेतीखात्याची माणसं कैक वर्षं सांगत आली आहेत, आबांनीही बांधावर केलं होतं. टाकळा झटकन उठतो, दाट होतो, गवताला ऊन मिळू देत नाही, आणि कोवळा असताना भाजी होते. आईच्या गावाकडच्या परड्यातून तेरड्याचं बी आणलं होतं, ते उंबराच्या बाजूच्या दोन चरांत टाकलं. हराळीचे गड्डे मातीसकट उचलून कडेनं लावले.

गाजरगवत आलंच. यायचंच होतं, मातीत अजून काही वर्षं पुरेल एवढं बी पडून असतं. पण या वेळी आम्ही ते फुलायच्या आधी, पाऊस पडून गेल्यावर, हातमोजे घालून, थोडं थोडं काढलं. आणि एक नियम केला. एक झाड उपटलं की त्याच भोकात त्याच वेळी दुसरं काहीतरी लावायचं. टाकळ्याचं रोप, हराळीचा गड्डा, काही नसेल तर आघाडा. भोक उघडं ठेवून घरी जायचं नाही. पहिल्या रविवारी अकरा जण होते, श्रावणात चार. त्या चारांत मी आणि ते पोरगं कायम होतो. एकदा उपटलेल्या झाडाच्या खालच्या पानांवर मला चाळण दिसली. पान उलटलं. पांढुरकी पाठ, नागमोडी रेघा. मी ते झाड तसंच परत जमिनीत खोचलं आणि तेवढं एक राहू दिलं. पोरानं विचारलं का, तर मला पटकन सांगता आलं नाही.

सगळं फार छान झालं असं नाही. रस्त्याकडच्या निम्म्या भागात टाकळा पिवळाच राहिला, तिथं मुरमाचा थर जाड आहे. एका चरात पाणी साचून सगळं कुजलं. उंबराच्या बाजूचे चर मात्र श्रावणाच्या शेवटी काळेभोर हिरवे झाले. ते तिथल्या मातीमुळं, शेणखतामुळं की आज्जी रोज तांब्याभर पाणी घालत होत्या त्यामुळं, याचा हिशेब मी मांडला नाही. शेजारची मुलगी आता नोकरीला पुण्यात असते. तिनं फोनवर सांगितलं, हराळीची थोडी मुळं स्पिरिटमध्ये घालून ठेवा, दिवाळीत आले की बघू. देवघराच्या फडताळात ती बाटली ठेवली आहे.

गौरी आणायच्या दिवशी सकाळी मी प्लॉटवर गेले. तेरड्याची दहा-बारा झाडं उभी राहिली होती, चार फुलावर, तीन गुलाबी आणि एक पांढरं. आज्जी काठी टेकत मागोमाग आल्या. वाडा पडल्यापासून त्यांनी गौरीला बाजारातला तेरडा आणला होता. मी गुलाबी दोन उपटणार एवढ्यात त्यांनी हात धरला. "मुळासकट काढू नको. एवढी वरची डहाळी मोड." मी डहाळ्या मोडल्या. त्यांनी पांढऱ्या झाडाखालची एक फुगलेली शेंग दोन बोटांत धरली आणि हलकेच दाबली. शेंग तडकून तिचे पाकळ्यांसारखे काप आत वळले, काळ्या बारीक बिया त्यांच्या तळव्यावर, साडीवर, मुरमावर उडाल्या. तळव्यावरच्या त्यांनी झटकल्या नाहीत. खाली वाकून, एका हातानं काठी धरून, दुसरा तळवा त्या फुटक्या मुरमाच्या फटीवर उलटा केला आणि वरून पायानं माती ओढली.